लाल ठिपक्याचं बटण

मी एक जुना अरेंजर कीबोर्ड आहे, मित्रांनो. नाव जड वाटलं तरी घाबरू नका. डाव्या हाताने दोन-तीन पट्ट्या धरल्या, की माझ्या पोटातले ड्रम, गिटार, व्हायोलिन आपणहून साथीला लागतात. माणूस बसतो एकटा आणि वाजू लागतो अख्खा वाद्यवृंद! बढाई वाटेल, पण खरं तेच सांगतो.

कारखान्यात मला घडवलं, तेव्हा खऱ्याखुऱ्या वादकांचं वाजवणं माझ्यात साठवलं गेलं. मग दुकानात ताईने मला पसंत केलं. ती एका हॉटेलात संध्याकाळी गायची. तिचा धाकटा भाऊ ड्रमवर साथ करायचा. लहानपणापासून डबा, दार, दिसेल त्यावर ताल धरायचा, म्हणून घरात त्याला ठोक्या म्हणत.

मी आलो आणि हॉटेलचा मालक खूश झाला. "आता ड्रमवाला कशाला हवा?" तो म्हणाला. ताई गप्प राहिली. तिचं ते गप्प राहणं ठोक्याला लागलं. त्याने ड्रम माळ्यावर टाकले, गोदामात नोकरी धरली आणि बहिणीशी बोलणंच सोडलं.

माझ्यावरून लोक किती भांडतात म्हणून सांगू! शेजारचे पियानोचे सर मला पाहून नाक मुरडत. "हे वाजवणं नव्हे, बटणं दाबणं. डावा हात आळशी होतो याने."

ताई उसळायची, "सर, गायचं, फर्माइशी ऐकायच्या, लोक नाचायला उठले की ठेका बदलायचा, सगळं एकटीने! करून बघा एकदा."

मला दोघांचंही पटायचं. सरांची दहा बोटं दहा दिशांना धावत, ते ऐकून मी थक्क व्हायचो. आणि ताई? एखाद्या पाहुण्याचा आवाज चढत नाही हे पहिल्याच ओळीत ओळखून ती माझी पट्टी खाली घ्यायची. बटणं दाबायलाही कान लागतो, मित्रांनो. जो तो माझ्यात आपलं वाद्य शोधतो आणि ते थिटं पडलं की रागावतो. ठोक्याचा राग मात्र वेगळा होता. त्याच्या पोटावर पाय आला होता.

त्या वर्षी ताईचे बाबा मोठ्या आजारातून उठले. गाताना दम पुरेना. तरी ते हट्टाला पेटले, "माझ्या वाढदिवसाला तुमच्या आईचं आवडतं गाणं मी पुरं म्हणणार. साथीला तुम्ही दोघंही हवीत. पुढच्या वर्षी गळा साथ देईल न देईल."

वाढदिवसाला शेजारचे सर आले. ठोक्याही आला, पण हाताची घडी घालून कोपऱ्यात बसला. "यंत्र आहे ना? मग मी कशाला?" असं तो सरांना म्हणाला, ताईला ऐकू जाईल असं.

गाणं सुरू झालं. माझी सुरावट ऐकून सरांचाही पाय हलू लागला, बरं का! पण दुसऱ्या कडव्यात बाबांना धाप लागली. ते थांबले. मी कसला थांबतोय? माझे ड्रम आपले पुढे चालले. बाबांनी भलतीकडेच ओळ उचलली, पुन्हा चुकले आणि मान खाली घालून बसले. मला सगळं येतं, पण वाट पाहता येत नाही. फार वाईट वाटलं मला.

तेवढ्यात ठोक्या ओरडला, "ताई, त्याचे ड्रम बंद कर!"

किती दिवसांनी त्याने तिला हाक मारली होती! ताईने झटकन बटण दाबलं. ठोक्याने पुढ्यातलं रिकामं पातेलं पालथं घातलं आणि बाबांच्या छातीकडे बघत हळूच बोटं टेकवली. छाती भरली, की त्याचा ठोका पडायचा. श्वास अडला, की बोटं हवेतच थांबायची. मी नुसते सूर धरून राहिलो. असा ठेका माझ्या पोटात एकही नव्हता.

बाबांनी गाणं पुरं म्हटलं. शेवटची ओळ तर दोनदा म्हटली!

"डावा हात छान धरलास हो," सर ताईला म्हणाले. ताईला ते ऐकूच गेलं नाही. ती ठोक्याचा हात धरून रडत होती. "तेव्हा मी बोलायला हवं होतं रे," ती म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिने मालकाला जाऊन सांगितलं, "आम्ही दोघं येऊ, नाहीतर कुणीच नाही." आणि माझ्या त्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला.

आता माझी एक पट्टी अडकते, आवाजही खरखरतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला धुळीपासून जपा, चहाचा कप त्याच्यावर ठेवू नका. पण गाणाऱ्याचा श्वास त्याहून जपा. तो अडलेला दिसला, की खुशाल आम्हाला थांबवा. आम्हाला राग येत नाही.