"जुने कपडे" लिहिलेला खोका

होय, खोकाच बोलतोय. पुठ्ठ्याचा आहे म्हणून तोंड नसेल असं समजू नका. आज मी माणसांबद्दल बोलणार आहे, तेव्हा कौतुकाची अपेक्षा मात्र ठेवू नका.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात पहिल्यांदा आला तो एक प्रिंटर. साहेबांनी तो घरी आणला, बाहेर काढला आणि मला माळ्यावर भिरकावलं. "असू दे, लागेल कधीतरी!" प्रिंटर वर्षभरात भंगारात गेला, मी मात्र सात वर्षं धूळ खात राहिलो. मधे एकदा पाइप गळला, माझा तळ भिजला, वाळला, कोपरे मऊ पडले. पुठ्ठ्यातला जोर एकदा गेला की परत येत नाही, हे मला कळतं. साहेबांना कळत नाही. तसं साहेबांना पुष्कळ काही कळत नाही, फक्त आपल्याला सगळं कळतं एवढी त्यांची खात्री आहे.

त्यांची बायको घरी व्हायोलिन शिकवते. शिकायला येणाऱ्या मुली तिला बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणतो. व्हायोलिन बाईंच्या गुरुजींचं. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी ते बाईंना दिलं आणि पुन्हा कधी मागितलं नाही. बाईंकडे दुसरं व्हायोलिन नव्हतं, आणि नकोही होतं. रोज सकाळी त्या वाजवायच्या, मी माळ्यावरून ऐकायचो. त्या घरात मला आवडलेली ती एकच गोष्ट.

मग घर बदलायचं ठरलं. सामान हलवणाऱ्यांचा मुकादम आदल्या दिवशी यादी करायला आला. शांत माणूस, कानावर पेन्सिल.

"साहेब, वाद्य, काचसामान, नाजूक काही असेल तर आत्ताच सांगा," तो म्हणाला. "लाकडी चौकटीत बांधून देतो, फोटो काढतो, यादीत वेगळं लिहितो. यादीत असेल त्यालाच विमा. आणि खोके आम्हीच भरतो. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्याला विमा नाही, बरं का."

"हो हो, माहितीये," म्हणत साहेबांनी पान न उलटता सही ठोकली. घर घेताना खिडक्यांच्या कड्या मोजणारा हा माणूस!

मुकादमाचं लक्ष व्हायोलिनच्या पेटीकडे गेलं. "यात वाद्य आहे?"

"छे! रिकामी आहे. ते केव्हाच विकलं."

मुकादमाने लिहिलं, "वाद्याची पेटी, एक, रिकामी." बाई तेव्हा स्वयंपाकघरातली फडताळं पुसत होत्या. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही.

मुकादम गेल्यावर साहेबांनी दार लावून धाकट्या भावाला फोन केला. "अरे, हमालांना किमती वस्तू दाखवायची म्हणजे चोरी करा म्हणून सांगण्यासारखं झालं! पेटी बघूनच ओळखतात ते. मी काय करतो, बाहेर काढून खोक्यात घालतो आणि वर लिहितो जुने कपडे. कोण हात लावतंय!"

आणि मला माळ्यावरून उतरवलं. मुकादमाने नवे कोरे भक्कम खोके आणले होते, पण ते परक्याचे. मी पडलो घरचा. दोन स्वेटर, एक फाटका टॉवेल, त्यात ते व्हायोलिन, वाजवायचा गज तिरका खुपसलेला. वरून चिकटपट्टी आणि ठळक अक्षरं. इतकी सुंदर गोष्ट माझ्या पोटात पहिल्यांदाच आली आणि माझ्या कपाळावर धडधडीत खोटं लिहिलं गेलं. मला लाज वाटली. साहेबांना नाही वाटली, ते शीळ घालत होते.

सकाळी ट्रक लागला. मुकादमाने खोक्यांना नंबर घालून यादी पुरी केली, माझा नंबर एकोणीस, आणि साहेबांनी खाली पुन्हा न वाचताच सही केली. बाईंनी विचारलं, "अहो, व्हायोलिन कुठंय? मी मांडीवर घेऊन बसते ना."

"गाडीत जागा कुठंय? मागे टीव्ही आहे, पुढे कुंड्या आहेत. ट्रकमध्ये व्यवस्थित ठेवलंय."

"सांगितलंय ना त्यांना काय आहे ते?"

"सांगितलं गं बाई, सांगितलं!"

टीव्हीला मात्र पट्टा लावून मागच्या सीटवर बसवलं होतं. बाई गुडघ्यांवर तुळशीची कुंडी घेऊन बसल्या.

आता हमालांची पद्धत ऐका. ट्रकमध्ये फट राहिली की सामान आदळतं, म्हणून जड कपाटांच्या बाजूला मऊ काहीतरी ठासतात. गाद्या, उशा, कपड्यांचे खोके. ही त्यांची हुशारी, आणि अगदी बरोबर आहे. लोखंडी कपाट चढलं, शेजारी वीतभर फट उरली. मुकादम ओरडला, "तो कपड्यांचा घे रे, बसव तिथं!" मला आडवा करून खांद्याने रेटलं. मी ओरडलो असतो, पण ऐकतो कोण? पहिल्याच वळणाला कपाट माझ्यावर रेललं. माझे मऊ कोपरे क्षणभरही टिकले नाहीत. आत जे मोडलं त्याचा आवाज ट्रकमध्ये कुणाला ऐकू आला नाही. मला आला.

नव्या घरात सगळं धडधाकट पोचलं. कपाटाला ओरखडा नाही. रिकामी पेटी तीन पदरी वेष्टनातून चकचकीत निघाली. बाईंनी ती उघडली, आणि मग साहेबांकडे बघितलं.

मला उघडल्यावर साहेबांनी आधी आवाज चढवला. "निष्काळजी लेकाचे! भरपाई घेतल्याशिवाय सोडणार नाही!"

मुकादमाने कागद पुढे केला. "साहेब, खोका एकोणीस. जुने कपडे. घरमालकांनी स्वतः भरला. खाली तुमची सही आहे. मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, विकलं." मग तो बाईंकडे वळला. "ताई, मला माहीत असतं तर मी ते माझ्या मांडीवर आणलं असतं."

बाई म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही, दादा."

माणसं गेली. साहेब मात्र अजून शहाणेच. "अगं, निदान चोरीला तर नाही गेलं! नवं घेऊ आपण."

बाई माझ्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. स्वेटरमधून एकेक तुकडा काढून पदरात ठेवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चोरानं नेलं असतं तर बरं झालं असतं. कुठंतरी वाजत तरी राहिलं असतं."

साहेब उठले आणि टीव्हीची वायर जोडायला गेले.

मी आता जिन्याखाली चपटा होऊन पडलोय, उद्या भंगारवाला नेईल. माझी तक्रार नाही, माझं वय झालंच होतं. तुम्ही घर बदलाल तेव्हा उचलायला येणाऱ्या माणसांना खरं काय ते सांगा, एवढंच. त्यांचे हात तुमच्या डोक्यापेक्षा पुष्कळ बरे आहेत.