गरम बशीचं वजन

मी प्रयोगशाळेतला वजनकाटा बोलतोय. काचेच्या पेटीत बसतो, आणि माणसांवर माझा फारसा विश्वास नाही. माझ्यासमोर येणारा प्रत्येक जण हवा तो आकडा आधीच मनात धरून येतो.

अकरा वर्षांपूर्वी कारखान्यातून निघालो तेव्हा मी असा नव्हतो. इथे आल्यावर पाहिलं, आकडा मनासारखा आला नाही की पहिली शिवी मलाच.

गेल्या वर्षी एक मुलगी पीएच.डी.ला आली. सगळे तिला 'नवी' म्हणत. बशीतली माती भट्टीत वाळवून, वजन करून, तिला मातीतलं पाणी मोजायचं होतं. कॉलेजात ही पहिली यायची. इथे कुणी काही सांगेना आणि विचारायची तिला लाज. घरून फोन आला की 'छान चाललंय' म्हणायची आणि मग माझ्यासमोर नुसतीच बसून राहायची. मला वाईट वाटे.

त्यात आकडे जुळेनात. संध्याकाळी भट्टीतून काढून तोललेली बशी झाकणबंद भांड्यात ठेवावी, तर सकाळी ती जड भरे. नवीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सगळ्यांत शेवटी निघायची ती सहाव्या वर्षाची ताई. तीच ढवळाढवळ करत असणार. नवीने झाकणावर, उघडलं तर फाटेल अशी, कागदाची बारीक पट्टी चिकटवली, तिच्या मार्गदर्शक मॅडमना द्यायला तक्रारपत्रही लिहिलं. खोटं कशाला बोलू, ताईवर मीही डोळ्यात तेल घालून नजर ठेवली.

सकाळी पट्टी जशीच्या तशी, वजन मात्र वाढलेलं. आता संशय माझ्यावर आला. तिने भट्टीतून एक बशी काढून माझ्यावर ठेवली आणि या वेळी जागची हललीच नाही. आकडा हळूहळू चढत गेला. तिने बशीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. गरम बशीभोवतीची हवा वर उठते, म्हणून बशी हलकी भरते. ती निवेपर्यंत थांबायचं असतं, हे नवीला ठाऊकच असेल असं सगळ्यांनी धरलं होतं.

चव्वेचाळीस नोंदी, दोन महिन्यांचं काम वाया. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. ती गप्पच बसेल, असं मला वाटलं.

तिने पत्र फाडलं, नोंदींवर रेघ मारली आणि मॅडमना सगळं सांगितलं. पुन्हा मोज, एवढंच त्या म्हणाल्या. मग ती ताईपुढे उभी राहिली.

"ताई, मला वाटलं होतं, माझ्या बशांना तुम्ही हात लावता. चुकलं माझं."

"पट्टी पाहिली होती मी," ताई म्हणाली. "विचारायचंस ना गं. पहिल्या वर्षी मी तर मॅडमवरच संशय घेतला होता."

नवी रडली, मग हसायला लागली.

आता माझा आकडा अडखळतो; पुढच्या आठवड्यात माझी रवानगी अडगळीत. तिने ताईची माफी मागितली, तशी ती गप्प बसेल असं धरल्याबद्दल मला तिची मागायची आहे. पण मला आकड्यांखेरीज काही बोलता येत नाही. तुम्ही तिला सांगाल?