दोन डोळ्यांचा पांढरा

डोळ्यावरची पट्टी काढून दोन तास झाले होते, आणि रफूचं दुकान चालवणाऱ्या सासूबाई खुंटीवरच्या पांढऱ्या रेशमी कोटासमोर खिळून उभ्या होत्या. मोतीबिंदू काढलेला उजवा डोळा झाकला की बाही दुधासारखी एकसंध. अजून मोतीबिंदू असलेला डावा झाकला की कोपरावर पिवळट डाग, चहा सांडून वाळल्यासारखा.

डाग कसला, त्यांचंच रफू ते! ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डोळ्यांत तेल घालून केलेलं.

"आई, धागा पिवळा वाटतोय," सून तेव्हाच म्हणाली होती.

"तीस वर्षं रंग जुळवतेय मी. तुझी नजर अजून कच्ची आहे," म्हणत त्यांनी तिला गप्प केलं होतं.

आता चार वीस. पाचला कोटाचा मालक, गायक, येणार आणि सहाला मैफलीत हाच कोट घालून दिव्यांच्या झोतात बसणार. यांचं रफू शोधून दाखवा, असं गावभर पैजेवर सांगणारा माणूस!

सासूबाईंच्या तोंडाचा उडालेला रंग पाहून सून धावत आली. बाही बघून थबकली.

"बोल एकदाचं, सांगितलं होतं म्हणून."

"ते सावकाश बोलेन, चहा पिताना. आधी उसवू द्या."

सुईला महिनाभर हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सासूबाईंनी धाग्यांचा खण ओढला. अकरा पांढरे रंग, अकरा रिळं.

"मोतिया घे," त्या म्हणाल्या. मग ओठ चावला. "नको. तू सांग."

सुनेनं खिडकीच्या उजेडात रिळं बाहीला लावून पाहिली. "शंखी."

टाका, टाका, श्वास, टाका. एकदा रेशमाचा ताणा, उभा धागा, तटकन तुटला. सून घाम पुसून पुन्हा वाकली.

जिन्यात पावलं वाजली. पाचला दहा कमी होते.

"काय हो, आज मैफलीचा बेरंग नाही ना करणार?" गायक दारातूनच गरजला.

"बसा दोन मिनिटं," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेला आडोसा करून उभ्या राहिल्या.

शेवटची गाठ. इस्त्रीची वाफ. गायकानं कोट खिडकीशी नेला, बाही उलटसुलट केली, कोपरावर बोट फिरवलं.

"अहो, भोक होतं कुठं?"

सासूबाईंनी डाव्या डोळ्यावर हात धरला. बराच वेळ बाही न्याहाळली.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "रंग हिनं निवडला, टाके हिचे. हिलाच विचारा."