तक्रार क्रमांक ४१२

गुरुवारी सकाळी कौस्तुभचा मेल आला तेव्हा केतकी मटार सोलत होती. समोर तिचे बाबा, रघुनाथ देवस्थळी, खिदिरपूरच्या गोदीतून निवृत्त झालेले. मध्ये शेंगांचा ढीग, बाजूला उघडा लॅपटॉप. तिने मेल वाचला आणि हातातली शेंग दाण्यांसकट सालांत टाकली.

"शनिवारच्या सभेनंतर आपण नव्या साइटवर जातोय," कौस्तुभने सगळ्यांना लिहिलं होतं. "तीन वर्षांपूर्वीच्या बंद तक्रारी सोबत नेणार नाही. जुना कचरा कशाला?"

जुना कचरा! त्याच कचऱ्यात चारशे बारा नंबरची तक्रार होती.

काय होतं तिच्यात? जोआर नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. जोआर म्हणजे बंगालीत भरती. हुगळीच्या कुठल्या घाटावर कोणत्या दिवशी किती वाजता भरती येणार, ते सांगतं. फुकट आहे, सगळ्यांना खुलं आहे. लाँचवाले वापरतात, रेतीच्या होड्यांवाले वापरतात. कोणीही चूक कळवावी, कोणीही दुरुस्ती लिहून पाठवावी. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. पण पॅच घ्यायचा की फेकायचा, तक्रार उघडी ठेवायची की बंद करायची, हे ठरवणारी माणसं चार, त्यांतला एक कौस्तुभ. खुलं म्हणतात ते तिथवरच खुलं.

बाबांनी तीस वर्षं गोदीच्या फाटकावर पाण्याच्या वेळा लिहिल्या. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. आठवड्यातून दोनदा जायचे, जुन्या सोबत्यांच्या रजिस्टरमधून वेळा वहीत उतरवून आणायचे. साडेतीन वर्षांपूर्वी त्यांच्या ध्यानात आलं की भरती रात्री बाराच्या पुढे गेली, समजा बारा वाजून सात मिनिटांनी आली, की जोआर तिला आदल्या दिवसाची तारीख लावतं. म्हणजे चूक पुऱ्या एका दिवसाची. त्या तारखेवर विसंबून होडी काढली तर ती गाळात बसणार.

केतकीने वहीतल्या अकरा नोंदी जोडल्या आणि बाबांच्या नावाने तक्रार टाकली. खाली सहा ओळींचा पॅचही दिला. ती वाणिज्य शाखेची पदवीधर, भवानीपूरला शिकवण्या घ्यायची. प्रोग्रामिंग शिकली ती दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचून वाचून. त्या सहा ओळींना तिला नऊ दिवस लागले होते.

कौस्तुभने उत्तर द्यायला नऊ मिनिटंही घेतली नाहीत. "काका, घड्याळ तपासून घ्या. चूक नाही. बंद करतोय." शेवटी एक हसरा चेहरा. सगळं इंग्रजीत, फक्त 'काका' तेवढं मराठीत. कारण तो इथल्या मराठी मंडळातला, बँकेत बदली होऊन आलेल्या सुहासिनीकाकूंचा मुलगा. गणपतीत बाबांच्या हातचा प्रसाद खाऊन मोठा झालेला.

चार महिन्यांनी पाचशे तीस नंबरची तक्रार उघडली. उघडणारा कौस्तुभ. 'मध्यरात्रीची चूक सापडली.' पॅच कौस्तुभचा. सहा ओळी. ओळींतली नावं तेवढी बदललेली, बाकी केतकीच्याच. आणि त्याच दुपारी चारशे बारावर शिक्का बसला: 'डुप्लिकेट. पाहा पाचशे तीस.' आधी जन्मलेली तक्रार नंतरच्या तक्रारीची नक्कल ठरली! पुढे या साहेबांनी बंगळुरात भाषण दिलं, 'मी मध्यरात्र कशी पकडली'. ते भाषण दाखवून न्यू टाउनला नोकरी पटकावली.

"जाऊ दे गं," बाबा तेव्हा म्हणाले होते. "आपल्यातलाच आहे. इथे मराठी घरं ती किती, त्यात आपण भांडायचं?"

"आपल्यातला आहे म्हणूनच काका म्हणून थोबाडीत मारली. परका असता तर निदान सर म्हणाला असता."

ती भांडली नाही. तिने कोणालाच नको असलेलं काम मागून घेतलं. तांदूळ निवडावेत तशा आलेल्या तक्रारी निवडायच्या: खरी कोणती, खोटी कोणती, कोणती कोणाकडे पाठवायची. शिफारस कौस्तुभनेच केली. "केतकीला द्या, तिला वेळ असतो." वेळ होताच. या कामाबरोबर एक अधिकार मिळतो, बंद तक्रार पुन्हा उघडण्याचा, आणि तो वापरण्याची घाई तिला नव्हती. तीन वर्षं ती रोज सकाळी दोन तास जुनी पानं उलटत बसली. कौस्तुभची एकेक गाजलेली दुरुस्ती घ्यायची आणि तिच्या आधीची तक्रार शोधायची. काकद्वीपचा एक लाँचचालक, डायमंड हार्बरची एक शाळामास्तरीण, उलुबेडियाचा एक विटांचा व्यापारी. सगळ्यांना एकच वागणूक: आधी टिंगल, मग बंद, मग काही महिन्यांनी तीच दुरुस्ती साहेबांच्या नावावर. वहीत तेवीस नंबर जमले.

चोविसावा नंबर तिने सर्वांत शेवटी लिहिला, आणि लिहिताना पेन दाबलं गेलं. आठशे सत्त्याहत्तर. ही तक्रार कौस्तुभने नव्हती बंद केली. ही तिने केली होती. हावड्याच्या एका तिकीटवाल्याने मोडक्यातोडक्या भाषेत लिहिलेली. "माहिती अपुरी. बंद." दोन महिन्यांनी तीच चूक खरी निघाली.

"आता शनिवारनंतर सगळं पुसणार," ती बाबांना म्हणाली. "तुमचं नाव, तुमच्या अकरा नोंदी, त्याचं ते घड्याळ. काही राहणार नाही. मग मी ओरडत बसले तरी पुरावा काय?"

बाबांनी मटाराचा दाणा तोंडात टाकला. "मला नकोय गं ते नाव."

"मला हवंय," ती म्हणाली.

शनिवारी अकरा वाजता सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका कचेरीच्या हॉलमध्ये सभा भरली. चौदा मतं. शर्मिष्ठादी जोआरचं प्रमुखपद सोडणार होत्या आणि त्या जागेला उमेदवार एकच, कौस्तुभ. हात वर करायचे, कोचुरी खायची आणि घरी जायचं, एवढंच काम होतं. मतदानाआधी त्याने पडद्यावर तेच भाषण लावलं. मध्यरात्र कशी पकडली.

केतकी तिसऱ्या रांगेत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. जोआरचे नियम साधे. उघडी तक्रार पुसता येत नाही. पुन्हा उघडली तर ती ज्याने बंद केली त्याच्याच गळ्यात पडते आणि चौदा दिवसांत त्याने कळवणाऱ्याला कारण लिहायचं. आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना मेल जातो. हे नियम लिहिले होते कौस्तुभने, इतरांनी आळस करू नये म्हणून.

तिने पहिली उघडली. चौदा फोन एकदम थरथरले.

"फोन बंद ठेवा ना, प्लीज," कौस्तुभ हसून म्हणाला.

दुसरी. तिसरी. चौथीला पुढच्या रांगेतल्याने फोन उचलला. सातवीला कोणी पडद्याकडे बघत नव्हतं. दुसरीपासून प्रत्येक मेलखाली तिने दोनच गोष्टी जोडल्या होत्या: मूळ तक्रारीची तारीख आणि कौस्तुभच्या दुरुस्तीची तारीख. तिसरं काही नाही. एक शिवी नाही, एक विशेषण नाही. बाविसावी, तेविसावी. चारशे बारा तिने शेवटी ठेवली होती, आणि तिच्याखाली तो 'काका'वाला निरोप जसाच्या तसा.

कौस्तुभने आपला फोन बघितला. चेहरा उतरला. तो खाली आला, तिच्या खुर्चीशी वाकला आणि मराठीत पुटपुटला, "केतकी, हे काय लावलंयस? घरचं घरी बोलू ना आपण. काकांशी मी बोलतो, आईला पाठवतो."

"बांगलात बोल," केतकी बंगालीत, मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांना कळू दे."

"अगं, पण—"

"बांगलात!"

मराठी ही त्याची चोरवाट होती आणि तिने ती बुजवली. मग तो ताठ उभा राहिला. कोपऱ्यात सापडलेला माणूस चावतोच.

"ठीक आहे," तो बंगालीत म्हणाला. "मग आठशे सत्त्याहत्तरचं काय? ती कोणी बंद केली होती? हिने! ही काय धुतल्या तांदळाची आहे?"

"पहिला मेल बघ," केतकी म्हणाली.

चौदा अंगठे वर सरकले. पहिला मेल आठशे सत्त्याहत्तरचा होता. 'बंद करणारी: केतकी देवस्थळी. कारण: माझा उर्मटपणा.'

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. कौस्तुभच्या हातातला एकमेव दगड तिने आधीच आपल्या डोक्यावर मारून घेतला होता.

शर्मिष्ठादींनी चष्मा काढला. "कौस्तुभ, एकच विचारते. हे 'घड्याळ तपासून घ्या' तू लिहिलंस?"

"गमतीत, दीदी. ते ओळखीचे आहेत आमच्या."

"आणि त्या सहा ओळी? त्यापण ओळखीतल्याच?"

मग हात वर झाले. त्याला दोन मतं पडली, त्यातलं एक त्याचं स्वतःचं. नव्या साइटवर जाणं पुढे ढकललं. कोचुरी गार झाली. केतकीने तीन खाल्ल्या.

घरी येऊन तिने हावड्याच्या तिकीटवाल्याला चार ओळी लिहिल्या, बंगालीत, सबबी न सांगता. मग तिने वहीतल्या तेवीस नावांपुढे चौदाव्या दिवसाची तारीख घातली आणि वाट बघू लागली.

बाराव्या दिवशी दुपारी बाबांच्या नावाने मेल आला. त्यांनी तिला हाक मारून मोठ्याने वाचला. "आदरणीय काका, आपली नोंद बरोबर होती. माझ्याकडून नजरचुकीने दुर्लक्ष झालं. क्षमस्व. आपला, कौस्तुभ." बाबांचा आवाज जरा भरून आला. "बघ, लिहिलं त्याने. शेवटी चांगल्या घरचा मुलगा आहे. कर आता बंद."

केतकीने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. दोनदा वाचलं. मग तिने उत्तराच्या चौकटीत टाइप केलं: "माहिती अपुरी. चूक खरी आहे हे कोणत्या तारखेला कळलं, ते लिहिलेलं नाही. सहा ओळी कोणाच्या, तेही नाही. पुन्हा लिहावे." आणि पाठवून दिलं.

"अगं, मी माफ केलंय त्याला!"

"तुम्ही करा," ती म्हणाली. "तक्रार उघडीच राहील."