शिरोरेघ

अर्धा बाजार मला येडी म्हणत होता, म्हणून मुद्दाम सांगते.

पाथर्डीत स्टँडमागं आमचं रेडियमचं दुकान. ट्रॉल्यांवर, जीपांवर चमकणारी नावं कापून चिकटवायची, हा धंदा. आधी माझे सासरे, खाजाभाई, ब्रशनं पाट्या रंगवायचे. दोरा ताणून अशी शिरोरेघ ओढायचे की बघत राहावं. आता त्यांचा हात थरथरतो.

अक्षरं कापायचं जुनं मशीन बंद पडलं, म्हणून मी आणि माझा नवरा तौफिक नवं घ्यायला केडगावला गेलो. दुकानदारानं दोन मशीनं दाखवली. एक स्वस्त, दुसरं त्याच्या दुपटीनं महाग. दोन्हींवर इंग्रजी अक्षरं कापली. डिट्टो सारखी! तौफिक म्हणाला, "स्वस्तच घेऊ."

"थांबा," मी म्हणाले. "मराठी कापा. 'श्री कानिफनाथ प्रसन्न', ट्रॉलीच्या रुंदीचं, एकसंध."

दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण कापलं. स्वस्तातल्या मशीनवर रेडियम सरकत गेलं आणि शिरोरेघ शेवटाकडं वर चढली. इंग्रजी अक्षरं सुटी. थोडी सरकली तर कुणाला कळतंय? आपल्या रेघेत लगेच दिसतं. महागातल्या मशीनवर रेडियम जागचं हललं नाही.

"एवढा भाव कशाचा हो?" मी विचारलं.

"ताई, ह्याचे रूळ, दांडा, मोटार सगळं पक्कं. आणि पुण्यातले मोठे लोक एकदम चार-पाच नेतात, त्यांना सूट बसते. तुम्ही नेणार एक. एकाला कुठली सूट?"

माझं डोकंच फिरलं. म्हणजे लहान आहोत म्हणून आम्हीच जास्त द्यायचे! पण मोठ्यांचा रेडियमचा रोल वाया गेला तर त्यांना फरक पडत नाही, आमचा गेला की त्या महिन्याची कमाई गेली. महागाचंच घेतलं. तौफिकची मोटारसायकल विकली. तो बिचारा पायी हिंडायला लागला आणि लोक विचारायचे, "काय तौफिकभाई, मशीनवर बसून आला का?"

सासऱ्यांनी, आमच्या अब्बांनी, स्पष्ट सांगितलं, "ऊसतोडीला गाड्या निघायच्या आत ट्रॉल्यांचं काम आलं न्हाई, तर मशीन इकायचं अन् दुकानाला कुलूप."

आणि झालं काय? पलीकडच्या रेडियमवाल्या अंगदनं ते स्वस्तातलं मशीन आणलं, भाव पाडला, आणि ऊसतोड मुकादम आबासाहेबांच्या सगळ्या ट्रॉल्यांचं काम त्यालाच मिळालं. मला अन्न गोड लागेना. रडले, खोटं कशाला सांगू!

दसऱ्याला त्या ट्रॉल्यांची पूजा. आबासाहेबांची आई बनुबाई नारळ घेऊन पुढं झाली आणि थबकली. रेघ चढत होती म्हणून अंगदनं नाव तुकड्या-तुकड्यानं कापून जोडलं होतं.

"नाथाचं नाव तोडून चिकटवलं व्हय रं? ह्या गाड्या हितनं हालनार न्हाईत!" म्हातारीनं नारळ पदराखाली घेतला. आईपुढं आबासाहेबांचं काय चालणार?

तासाभरात ट्रॉल्यांची रांग आमच्या दारात! म्हातारी पहिल्या ट्रॉलीत नारळ घेऊन बसलेली. मी जुनं नाव खरवडून काढलं, नवं कापलं. सबंध नाव, एका पट्टीत. पहिल्या ट्रॉलीवर चिकटवलं. इतक्यात अब्बा दोरा घेऊन उठले. एक टोक मला धरायला लावलं आणि दोरा शिरोरेघेच्या वरच्या कडेला ताणला.

पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत रेघेची कड दोऱ्याला लागून गेली. कुठं म्हणून बाहेर डोकावली नाही.

"आता कसं!" म्हणत बनुबाईनं तिथंच नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. संध्याकाळपर्यंत सगळ्या ट्रॉल्या चमकायला लागल्या. तौफिक ट्रॅक्टरवर चढला, हॉर्न दाबून धरला आणि भर बाजारातून ओरडत गेला, "बघा रे, मशीनवर बसूनच आलो!"

अंगद मान खाली घालून आला. "वहिनी, लांब नावं माझ्या मशीनवर जमंनात. कापून देशील का?"

"देते की. पण भाव माझा."

मागं वळले तर अब्बा दोरा गुंडाळत उभे. ह्या दोऱ्याला त्यांनी पोटच्या पोरालाही कधी हात लावू दिला नव्हता.

"जरीना, माझ्या हातची बी इतकी सरळ कदी आली न्हाई," ते म्हणाले आणि दोरा माझ्या हातात दिला.