येरमटोल्याच्या तीन फेऱ्या

ते साल दोन हजार चौदा होते. मे महिना संपत आला होता आणि गडचिरोली जिल्ह्यात ऊन असे होते, की दुपारी कुत्रीसुद्धा नळाखालच्या चिखलातून उठत नव्हती. मित्रांनो, त्या उन्हात सावरपेठच्या गुरांच्या दवाखान्यात फ्रिज सोडून थंडावा असा एकाच ठिकाणी होता, आणि तो माझ्या पोटात होता. मी लशीची पेटी आहे. आज जुनी झाले आहे, झाकणाची एक कडी तुटली आहे, निळा रंग उडून राखेसारखा झाला आहे. त्या साली मात्र मी नवी होते.

माझी बनावट साधी आहे. प्लास्टिकच्या दोन भिंती, मध्ये फेस भरलेला, वर घट्ट झाकण आणि खांद्याला अडकवायला पट्टा. आत चारही बाजूंना बर्फाचे चपटे आइसपॅक उभे राहतात आणि मधोमध लशीच्या बाटल्या बसतात. थंडी मी तयार करत नाही, फक्त सांभाळते. जे आत ठेवाल तेच मी जपणार. चांगले ठेवले तर चांगले, वाईट ठेवले तर वाईट. ही गोष्ट पुढे कामाला येईल म्हणून आधीच सांगितली.

आमच्या दवाखान्याला लोक 'ढोरायचा दवाखाना' म्हणत. सकाळी आठपासून अंगणातल्या लोखंडी खोड्याजवळ माणसे आणि जनावरे गोळा होत. कुणाच्या शेळीचे पोट फुगलेले, कुणाच्या बैलाचे शिंग मोडलेले, कुणाच्या गायीला वाघाने पाठीवर ओरबाडलेले. कोंबड्यांच्या पिलांच्या डोळ्यांत थेंब टाकायला बायका टोपल्या घेऊन येत. डॉक्टर स्वाती तेव्हा तिशीच्या होत्या. बोलायला कमी, कामाला चटपटीत. त्यांच्या हाताखाली जाफरभाऊ होते. जखमा धुणे, जनावर खोड्यात बांधणे, लस टोचणे ही त्यांची कामे. मूळचे भद्रावतीचे, वडील तिथे गाद्या भरून देत. जाफरभाऊंचा हात इतका हलका होता, की सुई निघाल्यावर बैल मागे वळून पाहत असे.

पावसाळ्याआधीची मोठी मोहीम घटसर्पाची असे. या रोगात जनावराचा गळा सुजतो, श्वास घरघरतो. सकाळी चरायला गेलेले जनावर संध्याकाळी उठत नाही. एकदा रोग आला की डॉक्टर पोहोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून आधीच टोचायचे.

येरमटोला हे जंगलातले पन्नास घरांचे गाव सावरपेठपासून अकरा किलोमीटरवर होते. शेवटचे चार किलोमीटर पायवाट. हे गाव तीन वर्षे लस घेत नव्हते. सुई टोचली की दूध आटते, असे कुणी तरी सांगितले होते. जाफरभाऊ तरीही जात राहिले. कधी शेळीची जखम धुवायला, कधी नुसते बसायला. चौथ्या वर्षी गावचे पुजारी आणि मुख्य माणूस कोलू गायता यांनी मान हलवली. पण गावाचा एक नेम होता. सगळी ढोरे पहाटे गावाबाहेरच्या आखरावर जमत आणि सूर्य उगवताच गुराखी त्यांना जंगलात हाकत असे. आखरावरची ढोरे थांबवायची ती वर्षातून एकाच सकाळी, आणि तीही गायत्याने सांगितलेल्या दिवशी. ती सकाळ त्या वर्षी जाफरभाऊंना मिळाली. तीन वर्षांच्या चकरांचे ते फळ होते, आणि ते हातचे जाऊ नये एवढीच त्यांना काळजी होती.

त्या काळजीतच चूक झाली.

फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक लगेच माझ्यात घालायचा नसतो. त्याला अर्धा तास बाहेर ठेवतात. अंगावर घाम सुटला, कानाजवळ हलवल्यावर आत पाणी डुचमळले, की मग घालायचा. नाहीतर कडक बर्फाला टेकून लस गोठते, आणि घटसर्पाची लस एकदा गोठली की कामाची राहत नाही. जाफरभाऊंना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण पहाटे चार वाजता त्यांच्याकडे अर्धा तास नव्हता, आणि एवढ्या उन्हात बर्फ जितका कडक तितका बरा, असे त्यांच्या मनाने घेतले. दगडासारखे चार आइसपॅक त्यांनी माझ्यात कोंबले आणि बाटल्या मध्ये ठेवल्या. वाटेत त्या बाटल्या एकेक करून गोठत गेल्याचे मला कळत होते. पण पेटीला तोंड असले तरी जीभ नसते.

आखरावर पोचू नावाचा गुराखी काठी टेकून उभा होता. जाफरभाऊंनी पहिली बाटली काढली तेव्हा आत बर्फाचे पापुद्रे तरंगत होते. त्यांनी ती तळव्यांत चोळून पातळ केली आणि कौतुकाने पोचूच्या हातात दिली.

"बापा! हात बधिर झाला नं जी," पोचू म्हणाला. "एवढी थंडी घेऊन हिंडते तू, अन् आमी इथी उन्हात पापड होऊन राह्यलो."

"माल चांगला हाये पोचूभाऊ. मून एवढा थंड हाये," जाफरभाऊ हसून म्हणाले.

बासष्ट ढोरे टोचून झाली. रुखमाबाई आपली जोडी धरून सर्वांत शेवटी आल्या. नवरा नव्हता, शेत दोन एकर आणि बैल दोन, चांद्या आणि कोसा. त्यांनी दोन्ही बैल टोचून घेतले आणि जाफरभाऊंना ताकाचा गडवा दिला. परतताना जाफरभाऊ पायवाटेने गुणगुणत होते.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी माझे झाकण उघडले. एक न फोडलेली बाटली उरली होती. तिच्या काचेवर आतून बर्फाची कड दिसली. त्यांनी ती वितळू दिली. फ्रिजमधली एक चांगली बाटली आणली, दोन्ही सारख्या हलवल्या आणि टेबलावर शेजारी ठेवल्या. थोड्या वेळाने पाहिले, तर चांगल्या बाटलीतले औषध अजून दुधाळ होते. दुसरीत मात्र पांढऱ्या गुठळ्या तळाला बसून वर पाणी सुटले होते.

"जाफरभाऊ, आइसपॅक बाहेर किती वेळ ठेवले होते?"

जाफरभाऊंनी दोन्ही बाटल्यांकडे पाहिले. मग खाली बसले.

"म्हणजे बासष्ट ढोरायले म्या पाणी टोचलं?"

"पाणीच असं नाही. पण भरवसा नाही ठेवता येणार. पुन्हा टोचावं लागेल."

"पुन्हा? बाई, एक सकाळ भेटाले मले तीन सालं लागली. आता जाऊन सांगतो, की माही चूक झाली, तर ते मले पुन्हा आखरावर उभं करतीन का? या साली नाई, पुढच्या साली बी नाई."

मित्रांनो, न सांगितले असते तर कुणालाही कळले नसते. रोग आला असता तर लोकांनी लशीला नाव ठेवले असते, नाही आला तर लशीला श्रेय दिले असते. हा विचार त्या खोलीत होता. मी तिथेच टेबलावर होते.

"मी येते तुमच्यासोबत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नको बाई. चूक माही हाये, तं तोंडही माहंच पायजे."

नवी लस यायला आठ दिवस लागले. ती आल्यावर जाफरभाऊ एका संध्याकाळी मला घेऊन येरमटोल्याला गेले. या वेळी माझ्यातले आइसपॅक घाम सुटलेले होते. मोहाच्या झाडाखाली गाव जमले होते. जाफरभाऊंनी काही लपवले नाही. बर्फ, घाई, गोठलेल्या बाटल्या, सगळे सांगितले.

पहिल्यांदा पोचूच बोलला. "अन् मले म्हणे, माल चांगला हाये! हात बधिर माहा झाला, अन् डोकं तुहं?"

लोक हसले. पण कोलू गायता हसले नाहीत. "नेम एका सकाळीचा हाये, जाफर. तुह्या चुकीसाठी ढोरायनं उपाशी काऊन राहावं?"

"नाई राहावं जी. पण रोग आला तं तो नेम नाई पाहत."

बराच वेळ गोंडीत बोलणे चालले. शेवटी गायत्यांनी निकाल दिला. ढोरे उद्या थांबतील, पण जेवढी चराई बुडेल तेवढी जाफरने भरून द्यायची. टोचणे झाले की त्याने पोचूसोबत ढोरे घेऊन जंगलात जायचे आणि अंधार पडायच्या आत एकही न हरवता परत आणायची. गावच्या रीतीने तो दंड होता.

"चालते का?" पोचूने विचारले. "माही ढोरं साहेब लोकायले ओळखत नाई बरं. शिंगावर घेतीन."

"मी कुठचा साहेब बापा," जाफरभाऊ म्हणाले. "चालते."

दुसऱ्या दिवशी एकसष्ट ढोरे टोचली. बासष्टावे राहिले. रुखमाबाई एकटा चांद्या घेऊन आल्या होत्या.

"कोसा कुठी हाये?" जाफरभाऊंनी विचारले.

"घरी बांधला. मांगच्या सुईनं दोघायच्याही मानीवर गाठ आली. दोन दिवस वैरणीले तोंड नाई लावलं. आता वखराचे दिवस हायेत भाऊ. दोन्ही बसले तं वखर कोन ओढन? तू?"

"आज तं ढोरं चारून राह्यलो, उद्या वखरही ओढतो," जाफरभाऊ म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

"एक टोच. तो बरा राह्यला तं पाहू. तू खरं सांगतलं मून एक तरी आणला. नाई तं तोही नसता आणला."

जाफरभाऊंनी जबरदस्ती केली नाही. चांद्याला टोचले आणि मग दिवसभर ढोरांमागे फिरले. मला एका सागाच्या फांदीला टांगले होते. तिथून मी त्यांना पाहिले. डोक्याला रुमाल, हातात पोचूची काठी, आणि एक काळी गाय त्यांना मुद्दाम उलट दिशेने नेत होती. संध्याकाळी पोचूने सगळी ढोरे मोजून घेतली आणि म्हणाला, "नोकरी सुटली तं ये माह्याकडं."

त्यानंतर चौथ्या दिवशी जाफरभाऊंनी पुन्हा माझा पट्टा खांद्याला लावला. त्या दिवशी माझ्यात एकच बाटली होती. एका बैलासाठी अकरा किलोमीटर. चांद्या गोठ्याबाहेर वैरण खात उभा होता. रुखमाबाईंनी त्याच्या मानेवरून हात फिरवून दाखवला. छोटी गाठ होती, पण खाणेपिणे नीट होते. त्यांनी कोसाची दोरी सोडून जाफरभाऊंच्या हातात दिली.

श्रावणात येरमटोल्याजवळच्या नाल्याच्या खालच्या अंगाला एका टोल्यावर, म्हणजे लहान वस्तीवर, घटसर्प आला. चार दिवसांत तिथली अकरा ढोरे गेली. डॉक्टरबाई आणि जाफरभाऊ रात्रंदिवस तिकडे होते. येरमटोल्यात एकच जनावर गेले, गायत्यांच्या घरचा हेला, म्हणजे रेडा. तो टोचणीनंतर मार्कंडा गावाहून विकत आणलेला होता आणि त्याला सुई लागलेली नव्हती. बाकी बासष्ट ढोरे उभी राहिली. सगळी लशीमुळेच वाचली, असे मी शपथेवर सांगणार नाही. पोचूनेही ती कधी खालच्या पाण्यावर नेली नाहीत. पण त्या वर्षानंतर येरमटोल्यात कुणी दूध आटण्याची गोष्ट काढली नाही.

आता कोण कुठे आहे तेही सांगते. डॉक्टर स्वातींची बदली कोरपन्याला झाली. तिथे त्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी दोन बाटल्या हलवून दाखवतात, असे ऐकले. जाफरभाऊ दोन हजार एकोणीसमध्ये निवृत्त झाले आणि भद्रावतीला मुलाकडे, आरिफकडे, राहतात. पोचू करोनाच्या दुसऱ्या वर्षी वारला. त्याच्यानंतर गुराखी मिळाला नाही, म्हणून गावातली घरे पाळीपाळीने ढोरे चारतात. कोलू गायत्यांना ऐकू कमी येते, पण आखराची सकाळ अजून तेच ठरवतात. आता मात्र ते दोन सकाळी देतात. दुसरी कशासाठी, असे कुणी विचारले तर म्हणतात, "माणसाच्या हातून चुकते." चांद्या म्हातारा होऊन गोठ्यातच गेला. कोसाला रुखमाबाईंनी विकले नाही. काम जमेना तरी बांधून चारले. त्यांची नात रंजीता आता गावची पशुसखी आहे. आमच्या दवाखान्यातली नवी पेटी तिच्याच खांद्यावर जाते.

मला कपाटावर ठेवले आहे. मित्रांनो, तुमच्याकडे गाय, शेळी, कुत्रा, कोंबडी काही असेल तर त्याला वेळेवर टोचून घ्या. पेटी वापरली की धुवून, पुसून, झाकण उघडे ठेवून वाळवा. आणि चूक झाली तर जाऊन सांगा, दंड पडला तरी. दवाखान्यात बरे झालेल्या जनावराची आठवण सगळे काढतात. जे कधी आजारीच पडले नाही, त्याची आठवण कुणी काढत नाही. म्हणून कोसाची मी काढली.