चौथ्या दिवसाची थाप

नचिकेत मोघे छप्पन दिवसांसाठी हिमालयात पायी फिरायला गेला होता आणि आठव्या दिवशी घरात बसला होता. झाशीच्या नगरा मोहल्ल्यातल्या त्या घराच्या खिडक्या मे महिन्याच्या उन्हामुळे बंद आहेत असं शेजाऱ्यांना वाटत होतं. खरं म्हणजे आपण परत आलोय हे कुणाला दिसू नये म्हणून त्यानेच त्या लावून घेतल्या होत्या.

जाताना थाट काय होता! गणेश मंदिरात मराठी मंडळींनी शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला. पराक्रम व्हायचा होता आणि सत्कार आधीच उरकला, कारण आपल्या लोकांना हार घालायला एक मान मिळाली की पुरे. नचिकेतनेही भाषण ठोकलं. आमचे पूर्वज पुण्याहून झाशीला पायी आले, मग मी उत्तराखंडातल्या मुनस्यारीहून हिमाचलापर्यंत पायी गेलो तर त्यात नवल काय, असं तो म्हणाला. पूर्वज तोफखान्यात होते आणि बहुधा बैलगाडीत बसून आले असावेत, पण सत्काराच्या दिवशी असले मुद्दे कोण काढतो?

वय एकेचाळीस, धंदा गणिताच्या शिकवणीचा. तीन महिने तो रोज पहाटे पाठीवर दहा किलो गव्हाचं पीठ बांधून किल्ल्याचा चढ चढत होता, आणि फिरायला येणारे लोक ‘वाह मास्टरजी’ म्हणत होते. किल्ल्याचा चढ संपला की खाली कचोरी मिळते. डोंगराचा चढ संपला की पुढचा चढ मिळतो. एवढं गणित मात्र मास्तरला सुटलं नव्हतं.

त्याचा सोबती सुभेदार विक्रम शेलार, साताऱ्याकडचा, झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत नोकरीला. दोघांची ओळख मंडळाच्या गणपतीत झालेली. विक्रम जुलैत निवृत्त होणार होता आणि लगेच पुण्यात दुसऱ्या नोकरीवर रुजू होणार होता, कारण घरी दोन मुलींची शिक्षणं चालू होती. निवृत्तीआधीची पासष्ट दिवसांची रजा काय ती त्याची स्वतःची. अठ्ठावीस वर्षं हुकमानं डोंगर चढलो, एकदा आपल्या मर्जीनं चढायचाय, असं तो म्हणायचा. म्हणजे वाट छप्पन दिवसांची आणि नऊ दिवस हाताशी राखलेले.

पहिल्या दिवशी नचिकेतच्या दोन्ही टाचांना फोड आले. दुसऱ्या दिवशी विक्रमने न बोलता त्याच्या पिशवीतून तंबू आणि शिधा काढून आपल्या पिशवीत घातला. तिसऱ्या दिवशी उतारावर मास्तरचे गुडघे असे लटपटले की तो बसून घसरत खाली आला. गवत कापणाऱ्या दोन बायका हे बघून तोंडाला पदर लावून हसल्या. त्या हसण्याचंही त्याला इतकं वाईट वाटलं नाही, जितकं विक्रम हसला नाही याचं वाटलं.

चौथ्या दिवशी वाटेत एक ढासळलेला पट्टा लागला. पाऊल मावेल एवढीच जागा, आणि खाली नदी. विक्रम पलीकडे जाऊन उभा राहिला. नचिकेत मधे थिजला. विक्रम परत आला, त्याचा हात धरून त्याला पलीकडे घेऊन गेला आणि पाणी प्यायला दिलं. त्या वेळी ‘मला जमत नाही’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण तोंड उघडलं की सगळी झाशी डोळ्यांपुढे येई. शेवटी तो फोनला सिग्नल मिळतोय का बघतो असं सांगून एका टेकाडामागे गेला. सिग्नल नव्हताच. थकव्याने रडू मात्र आलं आणि तेच तोंड घेऊन तो परत आला. म्हणाला, आईला पॅरालिसिसचा झटका आलाय.

त्याचा बेत साधा होता. आपण खाली उतरायचं आणि विक्रमने पुढे जायचं. पण आई अंथरुणाला खिळल्याची बातमी ऐकलेल्या माणसाला एकट्याने प्रवास करू द्यायचा नाही, हा विक्रमच्या गावचा रिवाज, आणि पलटणीचाही तोच. त्याने तिथल्या तिथे दोघांचं सामान बांधलं. नचिकेतने परोपरीनं विनवलं, भैया, तुम्ही जा पुढे. जितकं विनवलं तितकं विक्रमला वाटलं की हा पोरगा किती मोठ्या मनाचा आहे. एक दिवस उतरण्यात गेला, एक बसमध्ये, रात्र रेल्वेत. गाडीत विक्रम जागा राहिला आणि नचिकेतला झोप लागली. झाशीच्या स्टेशनवर नचिकेतने त्याला कसंबसं बबीन्याच्या वाटेला लावलं. विक्रम म्हणाला, उद्या येतो बघायला.

आई, म्हणजे कमलिनीबाई, त्या वेळी गच्चीवर कुरडया घालत होती. वय अडुसष्ट, गुडघेसुद्धा शाबूत. तिने सगळं ऐकून घेतलं.

“माझी तबियत इतकी चांगली आहे,” ती म्हणाली, “आणि तू थेट पॅरालिसिसच दिलास? बुखार तरी सांगायचास.”

नंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

आज अकराला खाली मोटरसायकल थांबली. नचिकेत खिडकीच्या फटीतून डोकावला. काय सांगावं हे रात्रभर ठरवूनही ठरलं नव्हतं. तेवढ्यात आईने हात पुसले, आतल्या खोलीत जाऊन पलंगावर पडली आणि गळ्यापर्यंत चादर ओढून घेतली. जन्मात कुणाशी खोटं न बोललेली बाई. तिने डावा हात मेल्यासारखा टाकून दिला आणि तोंड एका बाजूला वाकडं केलं. शेजारच्या सावित्रीबाईंना झटका आला होता तेव्हा तिने ते पाहिलं होतं.

विक्रम शहाळी घेऊन आला. तो स्वतः लंगडत होता. दोघांचं ओझं घेऊन उतरताना त्याचा घोटा दुखावला होता, हे नचिकेतला आत्ता कळलं. काही न विचारता तो पलंगाच्या पायथ्याशी बसला आणि आईचे पाय दाबायला लागला.

“काकू, घाबरायचं नाही. आमच्या आईला असंच झालं हुतं. चालायला लागली पुन्हा.”

मग नचिकेतकडे वळून त्याने सांगितलं की गावी बायकोला कळवलंय, डोंगरात जायचं रद्द. उरलेली रजा इथेच काढू, आळीपाळीने दवाखान्याचं बघू. वाट काही पळून जात नाही. वाट पळून जात नव्हती हे खरं, पण विक्रमची रजा पळून चालली होती. हे दोघांनाही माहीत होतं आणि त्यातल्या एकानेच ते हसून झाकलं.

आईच्या वाकड्या ओठातून लाळ गळली. तिने ती पुसली नाही. नचिकेतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण आईच्या तोंडावर हे काय आणून बसवलं, या विचाराने त्याला उभं राहवेना.

“आई, उठ,” तो म्हणाला. “भैया, आईला काही नाही झालं. मला चालायला जमत नव्हतं. मी झूठ बोललो.”

विक्रमचे हात थांबले. आईचं तोंड आणखी क्षणभर वाकडंच राहिलं, कारण ते सरळ कधी करायचं हे तिला कळेना. मग तिने ते सरळ केलं आणि भिंतीकडे वळवलं.

“जमत नाही ते मला दुसऱ्याच दिवशी दिसलं हुतं,” विक्रम म्हणाला. “तसं म्हणाला असतास तर तुला रस्त्याला लावून मी वर आलो असतो. एक दिवस गेला असता माझा.”

त्यात राग असता तर नचिकेतला सोसलं असतं. विक्रमने घड्याळ पाहिलं. आज गाडी मिळाली तर अजून जमण्यासारखं आहे, हे तो स्वतःशीच पुटपुटला. नचिकेत म्हणाला, स्कूटरवर स्टेशनला सोडतो. विक्रमने नको म्हणून मान हलवली. जाताना तो वाकून आईच्या पाया पडला. आशीर्वाद द्यायला उचललेला हात आईने अर्ध्यातच खाली घेतला.

मोटरसायकलचा आवाज वळणावर विरला तरी आई उठली नाही. नचिकेत दारात उभा होता. आत यावं की जावं हे त्याला ठरवता येईना.

“त्याचा पाय सुजला होता, पाहिलास?” आई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. “तसा सुजलेला पाय घेऊन त्याने माझे पाय दाबले, नचिकेत. आणि मी दाबू दिले.”

तिने दोन्ही पाय चादरीखाली पोटाशी ओढून घेतले.